रक्तातला जंतू तासाभरात ओळखणारी तपासणी असताना कल्चरची वाट का पाहतात?

रानवारा

माझ्या वडिलांना लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाने सगळं शरीरच धोक्यात आलं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, रात्री ते असंबद्ध बोलायला लागले आणि रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तदाब फार खाली गेला होता. आयसीयूत लगेच दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, बाटल्यांमध्ये भरलं, सलाईन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं. त्यानंतर आमच्या हातात वाट पाहण्याखेरीज काही उरलं नाही. आधी कळलं की ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे जंतूंचा एक ढोबळ गट, आहेत. दुसऱ्या दिवशी नाव आलं, ई. कोलाय. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल याचा, रिपोर्ट त्याच्याही नंतर आला आणि मग औषध बदलून मेरोपेनेम हे जड अँटिबायोटिक दिलं. ताप त्यानंतर उतरला. बाबा आता वॉर्डात आहेत, आपल्या हाताने जेवतात.

आयसीयूबाहेर बसून मी फोनवर जे मिळेल ते वाचत होते. त्यात पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून जंतू ओळखण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या पॅनेलबद्दल वाचलं. तासाभरात जंतूचं नाव मिळतं आणि त्याच्याकडे औषधाला न जुमानणारी जनुकं आहेत का तेही कळतं, असं लिहिलं होतं. माझा भाऊ म्हणतो, ही तपासणी पहिल्याच तासात केली असती तर योग्य औषध पहिल्याच रात्री मिळालं असतं. मला कोणावर आरोप करायचा नाही. ज्यांनी बाबांना वाचवलं त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण प्रश्न पाठ सोडत नाही. ही तपासणी सरळ रक्तावर का करत नाहीत? आणि ती उपलब्ध असेल तर कल्चर हवंच कशाला? जाणकारांनी कृपया सांगावं.

पेट्रीडिश

रानवारा, बाबा वॉर्डात आले हे वाचून फार बरं वाटलं. मी मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, ब्लड कल्चरचं टेबल माझ्याकडे असतं. उत्तर लांबणार आहे, कारण हा प्रश्न नातेवाईक आम्हाला क्वचितच विचारू शकतात. आम्ही त्यांना दिसतच नाही.

तुम्ही वाचलेला तो तास खरा आहे. फक्त तो रक्त काढल्यापासून मोजत नाहीत, बाटली पॉझिटिव्ह झाल्यापासून मोजतात. बाबांच्या रक्ताच्या बाटल्या आमच्यासारख्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत एका उबदार यंत्रात गेल्या असतील. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात. काही यंत्रांमध्ये त्यामुळे बाटलीच्या तळाशी असलेल्या चकतीचा रंग बदलतो, यंत्राला तो दिसतो आणि ते आवाज देतं. आम्ही म्हणतो, बाटली फ्लॅग झाली. ई. कोलायसारखा भराभर वाढणारा जंतू असेल तर हे बहुतेकदा पहिल्या 24 तासांच्या आत होतं, बाकीचे बरेचसे 48 तासांत दिसतात. तरीही बाटली साधारण 5 दिवस आत ठेवतात. फ्लॅग झाली की थेंबभर काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन करायचा, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, आणि आयसीयूला फोन करायचा. तुम्हाला आधी जे 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' कळलं ते इथलं.

पॅनेलची पाळी येते ती याच टप्प्यावर. बायोफायर कंपनीचं बीसीआयडी2 घ्या. फ्लॅग झालेल्या बाटलीतला 0.2 मिली द्रव पाऊचमध्ये घालायचा आणि पाऊच यंत्रात ठेवायचा. साधारण तासाभरात ते 43 गोष्टी तपासतं, 33 जंतू व यीस्ट आणि 10 प्रतिरोधक जनुकं. जुन्या वाटेने गेलं तर प्लेटवर रात्रभर वाढ, मग ओळख, मग सेन्सिटिव्हिटीसाठी आणखी जवळपास एक दिवस. म्हणजे पॅनेलने खरोखर बराच वेळ वाचतो, पण तो फ्लॅगनंतरचा. पहिल्या रात्री बाटली फ्लॅगच झालेली नसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सरळ रक्तावर का नाही. अडचण संख्येची आहे. मोठ्या माणसाच्या रक्तसंसर्गात एका मिलीत जिवंत जंतू बऱ्याचदा 10 पेक्षा कमी असतात, कित्येकदा एक किंवा त्याहूनही कमी. ऐकणाऱ्याला हे पटत नाही. माणूस मरणाच्या दारात असतो, मग रक्त जंतूंनी भरलेलं असणार असंच वाटतं. तसं नसतं. त्याच एका मिलीत पांढऱ्या पेशी मात्र 40 लाख ते 1 कोटी 10 लाख, आणि आजारात त्याहूनही जास्त. प्रत्येक पेशीत माणसाचा पूर्ण डीएनए, म्हणजे 600 कोटी अक्षरं. ई. कोलायच्या डीएनएत अक्षरं 46 लाखांच्या आसपास. गवताच्या गंजीत टाचणी शोधण्यापेक्षाही हे अवघड आहे, कारण इथे गंजी स्वतःच शोधणाऱ्याला अडवते: रक्तातलं हीम पीसीआरच्या एन्झाइमचं काम बंद पाडतं.

त्यातच नमुन्याचा आकार. कल्चरसाठी एका बाटलीत 8 ते 10 मिली रक्त जातं, एका सेटमध्ये दोन बाटल्या, म्हणून दोन सेट घेतले की 40 मिलीपर्यंत. सरळ रक्तावर चालणाऱ्या चाचण्या काही मोजके मिली घेतात. 10 मिलीत मिळून तीन-चार जंतू असतील, तर तुम्ही काढलेल्या छोट्या नळीत एकही नसणं सहज शक्य आहे. बाटलीत मात्र तो एकटा जंतूही वाढतो, आणि ती फ्लॅग होईतो एका मिलीत कोट्यवधी झालेले असतात. पॅनेल इतकं सहज उत्तर देतं ते आधी बाटलीने हे काम करून ठेवल्यामुळे.

सरळ रक्तावरच्या चाचण्या नाहीतच असं मात्र नाही. टी2बॅक्टेरिया नावाच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये मान्यता दिली, कॅन्डिडा या यीस्टसाठीची टी2कॅन्डिडा त्याआधी 2014 मध्ये आली. त्या 3 ते 5 तासांत उत्तर देतात आणि मिलीमागे अगदी मोजके जंतूही पकडू शकतात. कॅन्डिडाच्या बाबतीत मला त्यांचं विशेष मोल वाटतं, कारण खोलवर पसरलेल्या कॅन्डिडा संसर्गात कल्चर जवळपास निम्म्या वेळा निगेटिव्ह येतं. पण यादी छोटी आहे. मान्यतेच्या वेळी बॅक्टेरियाच्या चाचणीत पाचच जंतू होते. सहावा कोणी असेल तर चाचणी निगेटिव्ह येणार आणि रुग्ण तसाच आजारी राहणार. ब्रिटनच्या एनआयसीई संस्थेने 2016 मध्ये रक्तावरच्या तीन जलद चाचण्या तपासल्या होत्या, लाइटसायकलर सेप्टिफास्ट, सेप्सिटेस्ट आणि इरिडिका. नेहमीच्या वापरासाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून भावाला सांगा, पहिल्या रात्रीच्या औषधासाठी ही पॅनेलं उपयोगी पडली नसती. दुसऱ्या दिवसाच्या औषधासाठी कदाचित पडली असती. हे 'कदाचित' कशावर अवलंबून आहे ते मला लिहायचंच आहे, पण आधी आयसीयूतल्या कोणीतरी बोलावं.

रात्रपाळी

आयसीयूत काम करतो. पेट्रीडिश ताईंनी मुद्द्याचं लिहिलं आहे, मी खाटेजवळची बाजू सांगतो.

पहिलं अँटिबायोटिक आम्ही कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता देतो. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे रक्तदाब पडलेला) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाभरात औषध गेलं पाहिजे. शॉक नसेल आणि नुसती शंका असेल तर भराभर तपासणी करून 3 तासांत निर्णय घ्यायला मुभा आहे. 2006 च्या एका मोठ्या अभ्यासात रक्तदाब पडल्यानंतर परिणामकारक औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरासोबत वाचण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटलेली दिसली होती. तेव्हा ते पहिलं औषध अंदाजाने निवडलेलं असतं, पण तो अंदाज विचार करून केलेला असतो: संसर्ग कुठून आला, रुग्ण अलीकडे कुठे दाखल होता, कोणती औषधं घेतली, आधीच्या कल्चरमध्ये काय होतं.

जलद रिपोर्टचा खरा उपयोग मला दुसऱ्या निर्णयात होतो. एकदा रात्री फोन आला, क्लेबसिएला हा जंतू आणि एनडीएम हे प्रतिरोधक जनुक. रुग्णाला मेरोपेनेम चालू होतं आणि रक्तदाबाच्या औषधाचा डोस वाढत चालला होता. एनडीएम असेल तर मेरोपेनेमवर भिस्त ठेवता येत नाही, एकट्या सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमवरही नाही, त्याच्या जोडीला ॲझ्ट्रिओनॅम लागतं. हा बदल त्याच रात्री झाला. सेन्सिटिव्हिटीची वाट पाहिली असती तर तो रुग्ण हातात राहिला नसता असं मला आजही वाटतं.

याच्या उलट प्रसंगही तितकाच मोलाचा आहे. बाटलीत ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय, म्हणजे गोल जंतूंचा एक गट, दिसले की व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होतं. अनेक बाटल्यांपैकी एकाच बाटलीत जंतू वाढला, पॅनेलने तो स्टॅफ एपिडर्मिडिस सांगितला आणि रुग्ण सावरत असेल, तर तो बहुधा त्वचेवरून आलेला असतो आणि व्हँकोमायसिन थांबवता येतं. त्यातून मूत्रपिंडं वाचतात. नातेवाइकांना 'औषध बंद केलं' हे ऐकून धसका बसतो, पण काही वेळा तीच चांगली बातमी असते.

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. एका मिलीत एखादाच जंतू, हे वाचून मी थक्क झाले. भावालाही वाचून दाखवलं.

बाबांच्या अंतिम रिपोर्टवर 'ईएसबीएल' असं लिहिलं आहे. पॅनेल केलं असतं तर हे दिसलं असतं का? आणि समजा पॅनेलमध्ये एकही प्रतिरोधक जनुक सापडलं नाही, तर सगळी औषधं लागू पडतील असं धरायचं का? पेट्रीडिश, तुमचं ते 'कदाचित' राहिलं आहे.

पेट्रीडिश

बहुतेक दिसलं असतं. ईएसबीएल म्हणजे अनेक अँटिबायोटिक निकामी करणारी जंतूची एन्झाइम. ती बनवणारी जनुकं अनेक आहेत, त्यांतलं सगळ्यात जास्त आढळणारं सीटीएक्स-एम घराणं या पॅनेलमध्ये आहे. आणि ई. कोलायसोबत सीटीएक्स-एम दिसलं तर त्याचा अर्थ पक्का आहे. 2018 च्या मेरिनो चाचणीत सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएलाच्या रक्तसंसर्गात पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमची तुलना मेरोपेनेमशी केली होती. 30 दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात 12.3 टक्के, मेरोपेनेमच्या गटात 3.7 टक्के. त्यामुळे असा रिपोर्ट दिला की आयसीयूतून पुढचा प्रश्न सहसा येत नाही, मेरोपेनेम सुरू होतं.

उलट बाजूने मात्र फार जपून राहावं लागतं. जनुक सापडलं नाही याचा अर्थ औषध लागू पडेल असा होत नाही. पॅनेल यादीतली जनुकंच शोधतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू स्वतःच्या भिंतीतली छिद्रं कमी करून किंवा आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकून मेरोपेनेमला हरवतो, त्यासाठी त्याला यादीतल्या एकाही जनुकाची गरज लागत नाही. पॅनेल कोरं येईल आणि प्लेटवर मात्र मेरोपेनेम लावलेल्या कागदी चकतीला लागून जंतू माजलेला दिसेल. म्हणून नवीन डॉक्टरांना मी फोनवर प्रत्येक वेळी सांगते: जनुक सापडलं तर औषध वाढवा, सापडलं नाही म्हणून घाईने कमी करू नका, सेन्सिटिव्हिटी येऊ द्या. याला मेक-ए हे स्टॅफ ऑरियस या जंतूतलं प्रतिरोधक जनुक बऱ्यापैकी भरवशाचा अपवाद आहे. स्टॅफ ऑरियस आहे आणि मेक-ए नाही, तर साध्या बीटा-लॅक्टमकडे, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाकडे, वळता येतं, आणि वळावंच. तिथे व्हँकोमायसिन कमी प्रतीचं औषध आहे.

अजून एक गुंता आहे, तो रिपोर्टच्या कागदावर कळत नाही. एकाच बाटलीत दोन जंतू असतील तर जनुक कोणाचं ते पॅनेल खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही त्याला दिसतो, अगदी बाटलीतल्या माध्यमाबरोबर आलेलासुद्धा. ग्रॅम स्टेनमध्ये एक दिसतंय आणि पॅनेल दुसरंच म्हणतंय, असं झालं की मी काचपट्टी पुन्हा पाहते आणि मगच फोन उचलते.

कल्चर हवंच कशाला, या तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर यात आहे. औषधाची नेमकी मात्रा किती लागेल हे जिवंत जंतूच सांगतो. यादीबाहेरचा जंतू फक्त कल्चरमध्ये दिसतो. स्टॅफ ऑरियससारख्या जंतूत रक्त स्वच्छ झालं का ते पाहायला पुन्हा पुन्हा कल्चर घ्यावं लागतं, तिथे मेलेल्या जंतूचा डीएनए पकडणारी तपासणी दिशाभूल करेल.

आता ते 'कदाचित'. 2015 साली 617 रुग्णांवर झालेला एक अभ्यास मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या माणसाला वाचायला देते. बाटली पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णांचे तीन गट केले. एकाला नेहमीची पद्धत, दुसऱ्याला जलद पीसीआर आणि रिपोर्टवर लिहिलेली सूचना, तिसऱ्याला जलद पीसीआर आणि शिवाय अँटिबायोटिकच्या जाणकारांच्या पथकाकडून ताबडतोब सल्ला. जंतूचं नाव कळायला नेहमीच्या पद्धतीत 22.3 तास लागत होते, पीसीआरने 1.3 तास. इतका फरक! पण अनावश्यक जड औषध कमी करायला लागलेला वेळ पाहा: नेहमीच्या गटात 34 तास, नुसत्या पीसीआरच्या गटात 38 तास, आणि सल्ला मिळालेल्या गटात 21 तास. म्हणजे नाव हातात असूनही, कोणी बोललं नाही तर ते जड औषध तसंच चालू राहिलं. औषध वाढवण्यात मात्र नुसत्या पीसीआरनेही फायदा झाला, 24 तासांवरून 6 वर, आणि सल्ल्यासह 5 वर. मृत्यूंमध्ये या अभ्यासात फरक दिसला नाही. 2017 मध्ये 31 अभ्यासांचा एकत्र विचार झाला तेव्हा जलद तपासण्यांबरोबर मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, पण तो फायदा सल्ला देणारं पथक असेल तिथेच ठळक होता.

यातून मी काय शिकले ते सांगते, आणि हे अगदी मनापासून. बाटली रात्री दोनला फ्लॅग झाली आणि प्रयोगशाळेत सकाळपर्यंत कोणी नसेल, तर तासाभराचं यंत्र सकाळी नऊला सुरू होतं. रिपोर्ट संगणकावर पडला आणि कोणी उघडला नाही, तर तो दुपारच्या राउंडला वाचला जातो. यंत्र घेताना बैठका होतात, रात्रपाळीचा एक तंत्रज्ञ वाढवायला मात्र कोणी तयार नसतं. मला दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी तंत्रज्ञ मागेन. रात्री केलेला ग्रॅम स्टेन आणि लगेच गेलेला एक फोन, हेसुद्धा जलद निदानच आहे आणि त्याला पाऊच लागत नाही.

निळी_बाटली

मी नर्स आहे, रक्त आम्ही काढतो, म्हणून थोडं लिहिते. पुढचं सगळं या रक्तावर उभं आहे.

घाईत बाटलीत तीन-चार मिलीच रक्त जातं, कारण रुग्णाची शीर सापडत नसते, रक्तदाब नसतो. मी बाटलीवर आधीच पेनाने रेघ मारून ठेवते, तिथपर्यंत भरायचंच. दोन वेगळ्या जागांहून दोन सेट. एकच सेट घेतला आणि त्यात त्वचेवरचा जंतू आला तर तो खरा की खोटा हे कोणालाच ठरवता येत नाही. क्लोरहेक्सिडिन लावून ते वाळेपर्यंत थांबायचं. ते अर्धं मिनिट फार लांब वाटतं, पण थांबायचं.

आणि रक्त अँटिबायोटिकच्या आधी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांचं कल्चर औषधाआधी आणि औषधानंतर काही मिनिटांपासून 2 तासांच्या आत घेतलं होतं. आधी 31.4 टक्के पॉझिटिव्ह, नंतर 19.4 टक्के. बाटली फ्लॅग झाली नाही तर पॅनेल लावणार कशावर? अर्थात शॉकमधल्या रुग्णाला शीर मिळत नाही म्हणून औषध अडवून ठेवायचं नाही. आम्ही सलाईनची सुई टाकतानाच, नव्या सुईतून, एक सेट घेतो. तो अगदी आदर्श मार्ग नाही, पण औषधाला उशीर होत नाही.

रात्रपाळी

निळी_बाटली, बाटलीवर रेघ मारणाऱ्या सिस्टरमुळे आमचे निम्मे प्रश्न सुटतात. धन्यवाद.

रानवारा, एक गोष्ट भावाला आवर्जून सांगा. बाबांच्या बाबतीत पहिल्या तासात मिळालेलं सलाईन, औषध आणि लघवीच्या मार्गात अडथळा आहे का ते पाहणं, यांनी मोठं काम केलं. तुंबलेलं मूत्रपिंड मोकळं केलं नाही तर मेरोपेनेमही हात टेकतं. त्यांची सोनोग्राफी झाली होती ना?

रानवारा

हो, त्याच रात्री झाली. अडथळा नव्हता. 

भाऊ आता शांत आहे. म्हणाला, पुढे काय करायचं तेवढं विचार. घरी सोडताना आम्ही काय काळजी घ्यावी, काय मागून घ्यावं?

पेट्रीडिश

अंतिम कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्या, सेन्सिटिव्हिटीच्या तक्त्यासकट. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा 'ई. कोलाय सेप्सिस' एवढंच लिहितात, त्यात 'ईएसबीएल' हा शब्द आणि चाललेल्या औषधाचं नाव लिहून घ्या. फोटो काढून तुमच्या आणि भावाच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. असे जंतू आतड्यात कित्येक महिने टिकून राहू शकतात.

पुन्हा थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली, बोलण्यात गोंधळ वाटला, श्वास जलद झाला, तर घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. ज्या डॉक्टरांकडे न्याल त्यांना आधी हा कागद दाखवा आणि सांगा, मागच्या वेळी रक्तात ईएसबीएल होतं. रात्रपाळी यांनी लिहिलं ना, पहिलं औषध अंदाजाने निवडतात. तुमच्या फोनमधल्या या फोटोने तो अंदाज पहिल्या मिनिटाला बदलतो, बाटली यंत्रात जाण्याच्याही आधी. घरात पडून असलेली उरलेली अँटिबायोटिक मात्र बाबांना आपल्या मनाने देऊ नका, नाहीतर निळी_बाटली ज्या रेघेपर्यंत रक्त भरतील त्यात आम्हाला काही सापडणार नाही.